प्रयोजकाचा वाटा

भारतातील आधुनिक डिझाइन-शिक्षणाचा आरंभ ज्या दस्तऐवजापासून मानला जातो, त्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याच्या 1958 सालच्या ‘इंडिया रिपोर्ट’च्या प्रारंभी भगवद्गीतेतील कर्माचा अधिकार सांगणारा आणि फळावरील हक्क नाकारणारा प्रसिद्ध श्लोक दिलेला आहे. या अहवालाच्या पाठोपाठ 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, 1969 साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (आयडीसी) सुरू झाले आणि कालांतराने अशा संस्थांतून डिजिटल माध्यमे व इंटरॅक्शन डिझाइन हे स्वतंत्र अभ्यासविषय झाले. लोटा किंवा खुर्ची घडवणाऱ्याला तो श्लोक सहज शोभतो. परंतु ज्या विद्येचे फळ म्हणजेच दुसऱ्या माणसाची कृती, ती शिकणाऱ्याने त्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न अभ्यासक्रमात फारसा विचारला जात नाही.

इंटरॅक्शन डिझाइन म्हणजे माणूस आणि संगणकीय साधन यांच्यातील देवघेवीची आखणी: कोणते बटण कुठे असावे, ते दाबल्यावर काय दिसावे, चूक झाल्यास माघारी कसे फिरता यावे. विद्यार्थी लोकांच्या मुलाखती घेतो, ‘वायरफ्रेम’ म्हणजे पडद्याचा नुसता सांगाडा रेखाटतो, प्रोटोटाइप मोजक्या वापरकर्त्यांच्या हाती देऊन ते कुठे अडखळतात हे टिपतो आणि अखेरीस ‘जूरी’पुढे, म्हणजे परीक्षक-मंडळापुढे, आपले काम मांडतो. या संपूर्ण प्रक्रियेत फळाकडे पाठ फिरवण्यास कुठेही वाव नाही. वापरणाऱ्याने काय केले, हेच तर येथे मोजले जाते. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशेचा त्याग आणि फळाविषयीची बेफिकिरी यांत जो भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. कर्त्याने सोडायची ती स्वतःच्या लाभाची आसक्ती. आपल्या कर्माने लोकांचे काय होईल याचा विचार सोडणे हा निष्काम कर्मयोग नव्हे. डिझाइनरला लागू करायचे तर पगार, पारितोषिक आणि वापरकर्त्यांची वाढती संख्या यांची आसक्ती सुटावी, पण वापरणाऱ्याच्या हातून काय घडते याची चिंता मात्र सुटू नये, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्ष व्यवहारात बहुधा याच्या नेमके उलट घडते.

दुसऱ्याच्या कृतीत आपला वाटा किती, या प्रश्नावर भारतीय परंपरेत बारकाईने विचार झालेला आहे. पाणिनीय व्याकरणात कर्ता हा क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र मानला जातो आणि त्याला क्रियेस प्रवृत्त करणारा तो प्रयोजक. आपस्तंब धर्मसूत्र याच भेदाला नैतिक वळण देते: कर्म करवणारा, त्यास संमती देणारा आणि ते प्रत्यक्ष करणारा असे तिघेही फळाचे भागीदार होत, आणि त्यांत ज्याचा हातभार अधिक त्याचा वाटाही अधिक. जैन आचारशास्त्रात हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे या तिन्हींचा त्याग महाव्रतात अंतर्भूत आहे. प्रवृत्त केले म्हणून करणाऱ्याचे स्वातंत्र्य संपत नाही, आणि करणारा स्वतंत्र आहे म्हणून करवणारा सुटत नाही, असे दुहेरी धोरण यांत दिसते. ‘कुणी जबरदस्ती केली नव्हती’ हा डिजिटल उद्योगाचा आवडता बचाव त्यापुढे लंगडा पडतो.

तथापि जुन्या विवेचनातील प्रयोजक आज्ञा देतो, विनवतो किंवा आमिष दाखवतो. पडद्याची आखणी करणारा यांपैकी काही न करताही कृती घडवू शकतो. हे कसे, ते न्यायदर्शनाच्या परिभाषेत नेमके सांगता येते. नैयायिकांच्या मते ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि प्रयत्नातून शरीराची हालचाल उत्पन्न होते. प्रयत्नाचे ते तीन प्रकार मानतात: इष्टाकडे नेणारी प्रवृत्ती, अनिष्टापासून परतवणारी निवृत्ती, आणि श्वासोच्छ्वासासारख्या क्रियांच्या मुळाशी असणारा, इच्छेवाचून चालणारा जीवनयोनि प्रयत्न. संकेतस्थळाच्या पानाला पूर्वी तळ असे; तेथे पोहोचल्यावर ‘पुढील पान’ या अक्षरांवर बोट ठेवावे लागे आणि त्या क्षणभराच्या थांब्यात पुढे जावे की उठावे, हा निर्णय होई. 2006 च्या सुमारास अझा रास्किन यांनी मांडलेल्या अनंत स्क्रोलच्या रचनेत मजकूर संपण्याआधीच पुढचा मजकूर आणून जोडला जातो, त्यामुळे तो थांबाच उरत नाही. वरवर पाहता यात कुणावर काही लादलेले नाही, एक अडचण तेवढी दूर केली आहे. परंतु त्या अडचणीबरोबर निवृत्तीला मिळणारी जागाही गेली, आणि प्रवृत्ती म्हणून सुरू झालेली अंगठ्याची हालचाल पाहता पाहता जीवनयोनि प्रयत्नासारखी आपोआप चालू लागली. रास्किन यांनी पुढे आपल्या या निर्मितीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

याच कौशल्याची दुसरी बाजूही एका विद्यापीठीय उदाहरणात दिसते. पवईच्या आयडीसीमध्ये विकसित झालेल्या ‘स्वरचक्र’ या कीबोर्डवर व्यंजनाला स्पर्श करताच त्याच्याभोवती एक चक्र उमटते, त्या चक्रात क, का, कि, की अशी स्वरयुक्त रूपे दिसतात आणि बोट हवे त्या दिशेला सरकवले की अक्षर पूर्ण होते. हाही प्रयोजकच, पण लिहिण्याची इच्छा येथे वापरणाऱ्याची आहे आणि आखणी केवळ त्या इच्छेपासून हालचालीपर्यंतची वाट मोकळी करते. चक्र आणि स्क्रोल ही दोन्ही उत्तम डिझाइनची उदाहरणे ठरतात, दोन्हींत श्रम कमी झाले आहेत, आणि सुलभतेच्या चाचणीला त्यांच्यातला फरक मुळीच दिसत नाही.

ही विद्या वर्गाच्या चार भिंतींत राहते, या समजुतीलाही फार आधार नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी 2007 साली फेसबुकवरील ॲप बनवण्याचा एक वर्ग घेतला; विद्यार्थ्यांनी केलेली ॲप अवघ्या एका सत्रात 1 कोटीहून अधिक लोकांपर्यंत पोहोचली. फॉग यांच्या 2003 सालच्या पुस्तकात मन वळवणाऱ्या तंत्रज्ञानाच्या नीतीवर स्वतंत्र प्रकरण होते, हे न्याय्यपणे नोंदवले पाहिजे. पण नीतीला स्वतंत्र प्रकरण मिळाले की उरलेल्या प्रकरणांना तिच्यापासून सूट मिळते, ही ग्रंथरचनेची जुनी खोड आहे.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा त्याच्या मूळ हेतूपासून ढळवणाऱ्या पडद्यावरील आखणीचे 13 प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. वस्तू संपत आल्याचा खोटा धाक, न मागितलेली वस्तू गुपचूप खरेदीच्या यादीत घालणे, वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड करणे हे त्यांतले काही. कायद्याची ही यादी आवश्यक आहे, परंतु तिच्या बाहेर राहूनही निवृत्तीचा मार्ग बुजवता येतो. जूरीपुढे आलेल्या कामात वापरणाऱ्याला कुठे थांबता येते आणि नाही म्हणण्यास किती पायऱ्या पडतात, हे परीक्षकांनी वापर सुरू करायला लागणाऱ्या वेळेइतक्याच काटेकोरपणे विचारले, तर प्रयोजकाच्या वाट्याची चर्चा नीतिशास्त्राच्या तासापुरती उरणार नाही आणि तिचे गुणही पडतील.

एक अडचण मात्र आपस्तंबाच्या त्रयीनेही सुटत नाही. मोठ्या उद्योगांत दोन पर्यायी पडदे हजारो लोकांना वाटून, ज्याने अधिक वापर होतो तो ठेवण्याची ‘ए/बी चाचणी’ नावाची रीत आहे. तेथे डिझाइनर पर्याय मांडतो, व्यवस्थापक आकड्याला संमती देतो आणि निवड आकडा करतो. करवणारा कोण, असे विचारल्यास प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे जाते. ज्याचा हातभार अधिक त्याचा वाटा अधिक हा नियम लावायचा, तर आधी हातभार मोजावा लागेल, आणि तो मोजण्याचे साधन या विद्येने, इतके सारे मोजत असूनही, अद्याप घडवलेले नाही.