सक्ती करणाऱ्याचे देणे

वायुदलाच्या अधिकारी भरतीच्या जाहिरातीत एक अट असते. अर्ज भरणाऱ्या मुलांचे तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, त्यांच्या आईवडिलांचे तर नाहीच. पंचवीस वर्षांखालचा उमेदवार अविवाहित असला पाहिजे आणि प्रशिक्षण संपेपर्यंत त्याला लग्न करता येणार नाही. पंचविशी ओलांडलेल्या विवाहित उमेदवाराला अर्ज करता येतो, पण प्रशिक्षणाच्या काळात त्याला कुटुंबासाठी घर मिळत नाही आणि बाहेर घर घेऊन बायकामुलांसह राहण्याचीही मुभा नसते. हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीत गेलेला मुलगा वा मुलगी जबलपूरची असो, नागपूरची असो की साताऱ्याची, राहायचे कुठे हा प्रश्न तिच्यापुरता संपलेला असतो. राहणे तळावरच, जेवण मेसमध्येच, आणि बाहेर पडायचे ते परवानगीनेच.

ही सक्ती मला मान्य आहे. आधीच सांगतो, कारण पुढचे लिखाण वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की शिस्तीलाच माझा विरोध आहे. विमान चालवायला शिकणे हे कॉलेजच्या तासाला बसण्यासारखे काम नव्हे. उड्डाणे पहाटे सुरू होतात. त्याआधी हवामानाची माहिती घ्यायची, आज आकाशात काय करायचे ते प्रशिक्षकाकडून समजून घ्यायचे आणि उतरल्यावर झालेल्या प्रत्येक चुकीचा हिशेब द्यायचा. हे ज्याने करायचे त्याची झोप पुरी झालेली हवी. आदल्या रात्री त्याने काय खाल्ले, काय प्यायले, तो किती वाजता परतला, या गोष्टी तिथे खासगी राहत नाहीत, कारण त्याच्या शेजारच्या सीटवर किंवा मागच्या सीटवर दुसरा जीव बसलेला असतो. बाविशीच्या पोराला आपला थकवा कळत नाही आणि कळला तरी तो कबूल करत नाही. एकत्र राहिले की तो शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या लक्षात येतो, डॉक्टरच्या लक्षात येतो.

एवढे करूनही धोका उरतोच. ४ डिसेंबर २०२३ रोजी दुंडिगलहून उडालेले पिलाटस पीसी-७ जातीचे प्रशिक्षण विमान तेलंगणातल्या तूप्रानजवळ कोसळले. विमानात प्रशिक्षक आणि शिकाऊ कॅडेट असे दोघे होते, दोघेही गेले. सकाळची वेळ होती आणि सराव नेहमीचा होता. या विद्येची किंमत अशी कधीही चुकती करावी लागते, हे ती शिकवणाऱ्यांना ठाऊक असते. शिकणाऱ्यांनाही असते. म्हणूनच माझा प्रश्न सक्तीविषयी नाही, सक्ती करणाऱ्याविषयी आहे. एका सज्ञान नागरिकाला सरकार सांगते की तू इथेच राहशील, इथलेच खाशील, उठण्याची आणि झोपण्याची वेळ आम्ही ठरवू. हे सांगताक्षणी सरकारवर त्याचे काही देणे लागू होते की नाही?

हा प्रश्न जबलपूरला नवा नाही. या शहराचा निम्मा संसारच लष्कराभोवती उभा आहे. तोफांच्या गाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, आणि त्यांच्या जोडीला ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल यांची प्रशिक्षण केंद्रे. कारखान्यांच्या आणि छावणीच्या आसऱ्याने इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना पहाटेचा बिगुल आणि बराकींची ओळ घरच्यासारखी परिचयाची आहे. पण याच सिग्नल केंद्रात २७ फेब्रुवारी १९४६ रोजी काय घडले, हे इथल्या कितीशा घरांत सांगितले जाते?

त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत ‘तलवार’वर नाविकांनी अन्नाला हात लावायचे नाकारले होते. नाविकांचे बंड आपण शाळेत शिकतो, पण ‘तलवार’ हे समुद्रावरचे जहाज नव्हते, ते कुलाब्यातले जमिनीवरचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र होते, हे शिकत नाही. निकृष्ट जेवण, गलिच्छ राहणी आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या यांतून तो संप उभा राहिला. नऊ दिवसांनी जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले जवान सकाळच्या परेडनंतर बराकीबाहेर पडले आणि घोषणा देत निघाले. हातात काँग्रेसचे आणि मुस्लिम लीगचे झेंडे होते, शस्त्र नव्हते. पुढच्या दिवसांत या संपात सामील झालेल्यांची संख्या सतराशेच्या घरात गेली. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले आणि मुंबईतल्या नाविकांवर झालेला गोळीबार यांचा संताप त्यात होताच, पण तक्रारींच्या यादीत रेशन होते, राहण्याची जागा होती, आणि गोऱ्या सैनिकाला मिळणारा पगार व वागणूक आपल्याला का नाही हा सवाल होता. उत्तर संगिनींनी दिले गेले. काही जण जखमी झाले, काहींना तुरुंगवास झाला, आणि पुष्कळांना निवृत्तिवेतनावाचून काढून टाकून गावी धाडले गेले. स्वराज्य दीड वर्षावर आले होते, पण त्यांच्या ताटातल्या भाकरीचा प्रश्न त्यांच्याबरोबरच बडतर्फ झाला.

ते सरकार परके होते, असे म्हणून आपण पुढे जातो. परके सरकार गेले, बराक राहिली. बराकीत राहणाऱ्याला घर बदलता येत नाही, मेस बदलता येत नाही, मालकाशी भांडता येत नाही, आणि नोकरी सहजासहजी सोडून जाताही येत नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्याच हाती त्याचे गुण आणि भवितव्य असते. ही रचना कोणत्याही सरकारच्या हातात बिघडू शकते. अमेरिकेत लष्करी तळांवरची कुटुंबांची घरे खासगी कंपन्यांकडे सोपवल्यावर काय झाले ते पाहा. बुरशी धरलेल्या भिंती, गळकी छपरे, आजारी पडणारी मुले, आणि कागदोपत्री मात्र दुरुस्ती वेळेवर झालेली. तिथल्या संसदेने सैनिक कुटुंबांना सुनावणीला बोलावले, २०१९ च्या अखेरीस भाडेकरू सैनिकांच्या हक्कांची सनद कायद्यात आणली, आणि २०२१ मध्ये बाल्फर बीटी या कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल करून साडेसहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. तेथे निदान एवढे मान्य झाले की तळावर राहणाऱ्याचा हक्क तळाच्या फाटकात संपत नाही.

आपल्याकडचा प्रश्न मात्र भिंतीवरच्या बुरशीहून फार भयंकर आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, लष्करी अकादमी, वायुसेना अकादमी, नौदल अकादमी, या चारही ठिकाणी शिकत असताना ज्या मुलांचे शरीर कायमचे मोडते, त्यांना वैद्यकीय मंडळ अपात्र ठरवते आणि घरी पाठवते. सैन्याच्या बोलीत याला ‘बोर्ड आउट’ म्हणतात. कोणाच्या मणक्याला इजा झालेली असते, कोणाच्या डोक्याला, कोणी पोहण्याच्या तलावात उडी घेताना मानेखाली लुळा होतो. १९८५ पासून अशा कॅडेटांची संख्या सुमारे ५०० झाल्याचे २०२५ मध्ये वृत्तपत्रांनी उघड केले. त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि न्यायमूर्ती नागरत्ना व न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला जाब विचारला. तोवर या मुलांना माजी सैनिक हा दर्जा नव्हता, आणि म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दारही बंद होते. मिळत होते ते सानुग्रह अनुदान, अपंगत्वाच्या प्रमाणात, महिना जास्तीत जास्त ४०,००० रुपयांपर्यंत. मानेखाली हालचाल नसलेल्या तरुणाला रात्रंदिवस सोबतीला माणूस लागतो, औषधे लागतात, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या आईच्या हातांना मर्यादा असते. न्यायालयाच्या विचारणेनंतर त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने आरोग्य योजनेचे दार उघडले आणि प्रवेशाचे शुल्कही माफ केले. चांगले झाले. पण इतकी वर्षे ते बंद दार कोणाच्या विवेकाला टोचले नाही, याची खंत त्या आदेशाने जात नाही.

सरकारचा युक्तिवाद काय? या मुलांना अजून कमिशन मिळालेले नव्हते, म्हणून ते सेवेत नव्हते. आता हाच युक्तिवाद जबलपूरच्या परेड मैदानावर उभा करून पाहा. ग्रेनेडियर्स केंद्रात दाखल झालेला रंगरूट भरतीच्या दिवसापासून सैन्याच्या कायद्याखाली येतो. प्रशिक्षणातल्या इजेने तो कायमचा अपंग झाला, तर शपथविधीची परेड झाली नव्हती म्हणून त्याला कोणी परका ठरवत नसे, त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळे. २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली आणि तिथेही हिशेब आखडला. अग्निवीराला निवृत्तिवेतन नाही, सेवेमुळे आलेल्या पूर्ण अपंगत्वासाठी एकरकमी ४४ लाख, पाऊण अपंगत्वासाठी २५ लाख, निम्म्यासाठी १५ लाख. विशीतल्या मुलाच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याला ही रक्कम पुरेल असे मला वाटत नाही. तरीही अग्निवीराच्या बाबतीत एवढे तरी कबूल केलेले आहे की पडला तेव्हा तो देशाच्या सेवेत होता. त्याच्यावर उद्या हुकूमत करणार असलेला कॅडेट मात्र पडला तेव्हा कोणाच्या सेवेत होता, याचे उत्तर कागद देत नाही.

इथेच सक्तीच्या निवासाचा मुद्दा निर्णायक ठरतो. या मुलाचे शरीर आत घेण्यापूर्वी सरकारच्याच डॉक्टरांनी डोळ्यांपासून पायाच्या तळव्यापर्यंत तपासले आणि निर्दोष असल्याचा दाखला दिला. त्यानंतर त्याचा प्रत्येक तास सरकारच्या हुकमाखाली गेला. तो कुठे झोपला, काय जेवला, किती पळाला, कोणत्या विमानात बसला, हे त्याने ठरवले नाही. मग इजा झाल्यावर ती सेवेतली की सेवेबाहेरची, हा वाद घालायला जागा कुठे उरते? बाहेर राहणाऱ्या, मनाला येईल तेव्हा येणाऱ्या विद्यार्थ्याबाबत कोणी असा वाद घातला असता तर एक वेळ समजले असते.

शिवाय जामीनपत्र आहेच. मुलाने स्वतःच्या इच्छेने प्रशिक्षण सोडले, तर त्याच्यावर झालेला खर्च परत करण्याची हमी आईवडिलांकडून आधीच लिहून घेतलेली असते. म्हणजे मुलगा कंटाळून घरी आला तर तो सरकारचा देणेकरी ठरतो, आणि सरकारच्या मैदानावर पाठीचा कणा मोडून घरी आला तर सरकार मात्र देणेकरी नाही, फक्त दाता. सानुग्रह म्हणजे कृपा. मी या कृपेला अन्याय म्हणतो. ज्याचे देणे लागतो त्याला भीक घातल्याच्या आविर्भावात पैसे देणे ही आपल्या समाजाची फार जुनी खोड आहे, आणि सरकारने ती तशीच उचलली आहे.

एक आक्षेप खर्चाचा घेतला जाईल. चाळीस वर्षांत ५०० मुले, म्हणजे वर्षाला सरासरी बारा-तेरा. एवढ्यांचा भार या देशाच्या संरक्षण खर्चाला झेपत नाही, असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. दुसरा आक्षेप असा की अधिकार दिले तर प्रशिक्षण ढिले पडेल, मुले नाजूक होतील. अनुभव उलट सांगतो. पडलो तर मागे कोणी उभे आहे अशी खात्री असलेला माणूस अधिक धीटपणे उडी घेतो. आणि सिनियरांचा रगडा, जो कठोर शिस्तीच्या नावाखाली अनेक ठिकाणी चालतो, तो शिस्तीचा भाग कधीच नव्हता. गुण देणाऱ्या साखळीबाहेरच्या, निर्भयपणे गाठता येईल अशा अधिकाऱ्याकडे तक्रारीची वाट असणे ही सक्तीच्या निवासाची पहिली अट असली पाहिजे. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनी हे मागण्यात संकोच बाळगू नये.

कारण या प्रश्नात आपण मराठी माणसे तटस्थ प्रेक्षक नाही. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला निघाली. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून आहे, आणि अलीकडे नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था उघडली. नाशिकलाच सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात. आपण मुलांना पळायला लावतो, गणिते करून घेतो, मुलाखतीत कसे बसावे ते शिकवतो, निवड झाली की चौकात फलक लावतो. या सगळ्या तयारीत एक तास कोणी त्या जामीनपत्राचा अर्थ सांगायला देत नाही. अपघात झाला तर काय मिळेल, विमा किती रकमेचा, उपचार कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारणे म्हणजे देशप्रेमात कमी पडणे, अशी एक चुकीची लाज आपण बाळगली आहे. ती टाकून द्या. फलक लावणाऱ्या मंडळांनी आपल्याच तालुक्यात परत आलेल्या, खाटेवर पडून असलेल्या कॅडेटच्या घरी एकदा जावे.

मागणी फार मोठी नाही. प्रबोधिनीत वा अकादमीत दाखल झाल्या दिवसापासून कॅडेट सेवेत आहे, असे कायद्यात लिहा. त्याच्या अपंगत्वाला कनिष्ठ अधिकाऱ्याच्या वेतनावर आधारलेले निवृत्तिवेतन द्या, माजी सैनिकाचा दर्जा द्या, आणि हात-डोके चालत असेल तर त्याला बसून करता येईल असे काम द्या. आतापर्यंत बाहेर पडलेल्या सर्वांना ते मागील तारखेपासून लागू करा. न्यायालयाने दार ठोठावले आहे, पण कायदा संसदेला करायचा आहे. पुणे, नाशिक, सातारा आणि जबलपूर या शहरांतून सैन्याला मुले जातात, आणि या चारही मतदारसंघांना खासदार आहेत. वाचकांनी आपापल्या खासदाराला हे एक पत्र लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहावे.