चाड्यावरची मूठ

पेरणीत नाव होतं तिफण हाकणाऱ्याचं, पण पीक ठरतं मागं चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांवर. बी सारखं पडलं नाही तर तुटाळ पडते. ती त्या दिवशी दिसत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की दिसते, तोवर ती बाई दुसऱ्याच्या रानात गेलेली असते.

बँकेतलं डेटा एन्ट्रीचं काम मला असंच वाटतं. माझा पुतण्या एका बँकेत कंत्राटावर या कामाला आहे. पीककर्जाच्या अर्जावरचं नाव, आधार नंबर, गट नंबर, क्षेत्र संगणकात भरायचं. दिवसाला किती अर्ज झाले ते मोजतात. वरून सांगितलंय, कागदावर असेल तसंच उतरव, डोकं चालवू नको.

आधारची राखण संगणकच करतो. बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळं एखादा आकडा चुकला तर तो ओळखता येतो. नावाला अशी राखण नाही. ज्ञानेश्वर इंग्रजीत कोणी ‘डी’नं सुरू करतो, कोणी ‘जी’नं. क्षेत्राचंही तसंच. चाळीस आर म्हणजे ०.४० हेक्टर, साधारण एक एकर. टिंब एक घर सरकलं की झालं चार हेक्टर. पीककर्ज हेक्टरी दरानं ठरतं, म्हणजे एका टिंबात दहापटीचा फरक.

मग कागदावरच चूक दिसली तर काय करायचं? पुतण्या म्हणतो, “तात्या, मी कागदाशी इमानदार आहे. मनानं दुरुस्त करायला लागलो तर उद्या एकाचं रान दुसऱ्याच्या नावावर करीन.” त्याचं खरं आहे. पण दुरुस्त करणं आणि गप्प बसणं, या दोन्हींच्या मधे विचारणं आहे. अर्ज बाजूला ठेवावा, साहेबाला दाखवावा. बँकेत भरणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा, अशी रीत त्यासाठीच आहे. फक्त दोघं असले की दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहतात.

यावर तो म्हणाला, “दहा अर्ज बाजूला ठेवले तर माझा आकडा भरत नाही. मग पुढचं कंत्राट कोण देईल?”

इथं मला थांबावं लागलं. मूठ धरणारीला शहाणा शेतकरी उक्तं काम देत नाही, रोजानं लावतो. कारण तिची घाई आपल्याच रानात उगवते. ज्यानं आकडा ठरवला, त्या घाईच्या पापात मोठा वाटा त्याचा. कमी पगाराच्या पोरावर सगळं ओझं टाकणं हा न्याय नाही.

तरी लहान वाटा पोराचा राहतोच. रानात तुटाळ पडली तर नांग्या भरता येतात. अर्ज अडकला तर शेतकऱ्याचा हंगामच निघून जातो, आणि त्या अर्जावर शेवटची नीट नजर कदाचित या पोराचीच पडलेली असते. पुतण्याला हे अजून पटलेलं नाही. आमचा वाद चालू आहे.