संयमाचा सौदा

वस्तू थोड्या वापरा, हा उपदेश आमच्या संप्रदायास नवा नाही. आषाढात भाताची लावणी टाकून निघणे होत नाही, म्हणून रोहे-पेणकडील पुष्कळ वारकरी कार्तिकात आळंदीची वाट धरतात. खांद्यावर पडशी, आणि तिच्यात मावेल तेवढाच संसार. नवे आहे ते एवढेच की, हा उपदेश आता दुकानात विकत मिळू लागला आहे!

जून २०१८ पासून आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. ती योग्यच होती. गटारे तुंबतात, गुरांच्या पोटात पिशव्या जातात. पण मागोमाग 'पर्यावरण वाचवा' असे छापलेल्या कापडी पिशव्या निघाल्या. दुकानात त्या, लग्नात त्या, सप्ताहाच्या प्रसादालाही त्याच. घरी खुंटीवर दहा लोंबताहेत आणि गृहस्थ हात हलवीत बाजारात जाऊन अकरावी घेतो. वर पुण्य केल्याचे समाधान! एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरे काय?

कापूस पाणी पितो, खत खातो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब मांडला. पाणी, हवा, जमीन या सर्वांवरचा भार धरला, तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. नुसते हवामान पाहिले तरी ५२ वेळा. उघड्यावर पडणारा कचरा त्यात धरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेत पॅटागोनिया नावाच्या कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये वर्तमानपत्रात आपल्याच जाकिटाचे चित्र देऊन 'हे घेऊ नका' अशी जाहिरात केली. पुढे तिचा खप वाढला! ती कंपनी जुने कपडे दुरुस्तही करून देते; तेव्हा तिला ढोंगी म्हणणे बरे नव्हे. परंतु विकणाऱ्याचे पोट विक्रीवर. 'कमी घ्या' हे त्याने कितीही मनापासून म्हटले, तरी ऐकणारा ते त्याच्याच दुकानात उभा राहून ऐकतो.

मग घ्यायचेच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. पिशवी नसेल तर टिकाऊ घ्यावी. बचत गटातल्या बाईने शिवलेली असेल तर तिच्या घरी दोन पैसे जातील. आमचा प्रश्न आहे तो दात्यांना. दिंडीला नव्या पिशव्या वाटण्यापूर्वी, बाबा, तुझी पडशी धड आहे का, असे कोणी विचारतो का? उसवली असेल तर शिंप्याची मजुरी द्यावी. खर्च थोडका, आणि दानही खरे. ठिगळावर नाव छापता येत नाही, एवढीच काय ती अडचण.