शेजारी झोपणाऱ्याला माहीत असावे का?



घरात कोणाला फेफरे येत असेल तर ते सांगावे की झाकून ठेवावे? हा प्रश्न विशेषतः लग्न जमवताना उभा राहतो, आणि अनेक घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते : "आत्ता बोलू नका, जमलेले मोडेल." आज या उत्तराचा थोडा शांतपणे विचार करू या.

आधी आजार समजून घेऊ. फेफरे, मिरगी, फिट, नाव काहीही असो, हा मेंदूतील विजेच्या संदेशांचा अचानक उडालेला गोंधळ आहे. ती करणी नाही, बाहेरची बाधा नाही, आणि तो आजार स्पर्शाने पसरत नाही. गोळ्या नियमित घेतल्या तर दहापैकी सुमारे सात जणांचे झटके थांबू शकतात. मात्र ज्यांना झटके येतच राहतात, त्यांच्यातील काहींना एखाद्या रात्री झोपेतच मृत्यू येतो. प्रौढांमध्ये वर्षाला हजार रुग्णांमागे साधारण एक आणि मुलांमध्ये साडेचार हजारांमागे एक, असे हे प्रमाण आहे. इंग्लंडचा राजपुत्र जॉन 1919 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, झोपेत झटका येऊनच गेला.

हे कसे घडते? इस्पितळात यंत्रांच्या देखरेखीखाली असतानाच दगावलेल्या काही रुग्णांच्या नोंदी 2013 साली प्रसिद्ध झाल्या. मोठा झटका येऊन थांबतो, मग श्वास बिघडतो आणि काही मिनिटांतच श्वास व हृदय दोन्ही बंद पडतात. बहुतेक मृत्यू रात्रीचे होते आणि बहुतेक जण पालथे पडलेले होते. पालथ्या माणसाचे नाकतोंड उशीत दबते, लाळेने वाट अडते. उंदरांवरील प्रयोगांत तर झटक्याच्या वेळी स्वरयंत्रच घट्ट मिटल्याचे दिसले आहे. अशा वेळी खोलीत दुसरे कोणी असेल, त्याने रुग्णाला कुशीवर वळवले, हलवून जागे केले, तर धोका कमी होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजार लपवला म्हणजे शेजारी झोपणाऱ्यालाच तो माहीत नसतो. नवी सून गोळ्या चोरून घेते, पुढे बंदही करते. आणि गोळ्या चुकणे हेच धोक्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या बीड जिल्ह्यात तर नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. दिवाळीच्या सुमारास जोडपे कारखान्याकडे निघते, पुढचे पाचसहा महिने कोपीत राहते, पहाटे अंधारात फडात उतरते. अपुऱ्या झोपेने झटके वाढतात. बरोबर नेलेल्या गोळ्या संपल्या की ज्याला सांगायचे त्यालाच काही माहीत नसते. जमलेले मोडू नये म्हणून जे झाकले, त्याची किंमत असा एखादा जीव देतो.

पण सगळा दोष लपवणाऱ्या आईबापांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. खरे बोलणाऱ्याची मुलगी घरात बसून राहणार असेल, तर खरे कोण बोलेल? हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात 1976 साली फेफऱ्याची अट घातली गेली होती. 1999 साली ती काढून टाकण्यात आली. चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेनुसार फेफरे असलेल्याला धर्मगुरू होता येत नसे. 1983 च्या संहितेत ती अट उरली नाही. कायद्यांनी दार उघडले, आता आपण उघडायचे आहे. सांगणे हे एका घराचे कर्तव्य असेल, तर ऐकून मागे न फिरणे हे दुसऱ्या घराचे आहे. गावभर सांगण्याची गरज नाही. जो एका छताखाली झोपतो, एका फडात राबतो, त्याला मात्र कळले पाहिजे.

मार्कच्या शुभवर्तमानातील तो बाप आठवा. मुलाचे झटके, तोंडाचा फेस, विस्तवात आणि पाण्यात पडणे, सारे त्याने भर गर्दीत प्रभूला सांगितले. लाज बाळगून तो घरी बसला असता, तर मुलाला प्रभूपर्यंत कोणी नेले असते?

ज्यांच्या घरी असा मृत्यू झाला आहे, त्यांच्यासाठी एक शब्द. "मी जागी असते तर?" हा प्रश्न मनाला पोखरतो. नीतिशास्त्र सांगते की जाणीव आणि इच्छा असल्याशिवाय अपराध होत नाही. झोप लागणे हा अपराध नव्हे. डॉक्टर आणि यंत्रे जवळ असतानाही काही जण वाचू शकले नाहीत, हे आपण वर पाहिलेच.

पण आज ज्यांनी हे वाचले, त्यांना आता माहीत आहे. म्हणून हे लक्षात ठेवा. झटका आला की घड्याळ पाहा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही. कांदा, चप्पल हुंगवू नका. झटका ओसरताच कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते पाहा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा श्वास दिसत नसेल तर 108 ला फोन करा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि कारखान्याला निघण्यापूर्वी पूर्ण हंगामाचा साठा मागून घ्या.

आणि आज घरी गेल्यावर, ज्याला माहीत असायला हवे त्या एका माणसाला तरी सांगा.