वाटेवरचा गाणारा आणि आपण

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरायला दोन वाटा आहेत. एक करूळ घाटाची, दुसरी भुईबावडा घाटाची. कोल्हापूरहून येणारी वाहने घाट उतरण्यापूर्वी येथे क्षणभर विसावतात. काही वर्षांपूर्वी चैत्रातील एका पहाटे मी तेथे एस.टी.ची वाट पाहत चहाच्या टपरीवर बसलो होतो. धुक्यातून तमाशाच्या फडाचा ट्रक येऊन थांबला. कनातींच्या गाठोड्यांवर माणसे दाटीवाटीने झोपली होती. त्यांतून एक मध्यमवयीन बाई उतरली. चेहऱ्यावर रात्रीचा रंग अर्धवट पुसलेला, कडेवर झोपाळलेले मूल. टपरीसमोरच्या बाकावर आम्ही चौघे बसलो होतो. सर्वांनी तिच्याकडे पाहिले. कोणी सरकले नाही. मीही सरकलो नाही. तिने उभ्यानेच चहा घेतला, मुलाला बशीतून दोन घोट पाजले आणि ट्रक घाटात दिसेनासा झाला.

प्रसंग एवढाच. परंतु त्याने मनात घातलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही. आपल्याला घटकाभर आनंद देण्यासाठी जो गावोगाव भटकतो, त्याचे आपण काय देणे लागतो? सुपारी दिली, तिकीट काढले, टाळी वाजवली की ते देणे फिटते काय?

आपल्याकडे फडाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत चालतो. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी खेळ ठरवतात. मग रोज नवे गाव, रात्री खेळ, पहाटे प्रवास. या कलावंतांपैकी अनेकजण अशा जातींतून आलेले, की ज्यांना गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. रात्री त्यांच्या गाण्यावर डोलणारा गाव दिवसा त्यांना ओसरीवर घेत नसे.

हा विसंगतपणा केवळ आपला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या कष्टांतून ‘ब्लूज’ नावाचे दुःखाचे गाणे जन्मले. ते गाणारे कलावंत आगगाडीने, मोटारीने शहरोशहरी फिरत. परंतु वर्णभेदाच्या त्या काळात खेळ संपल्यावर त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ग्रीन नावाच्या कृष्णवर्णीय टपाल कर्मचाऱ्याने 1936 साली एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावी कोठे जेवण मिळेल, कोठे अंथरूण मिळेल, याची ती यादी होती. माणसाला माणसाच्या दारी थारा मिळावा म्हणून पुस्तक छापावे लागावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

ब्लूजच्या या वाटेवरचाच एक प्रवासी म्हणजे टॉमस डॉर्सी. मा रेनी या विख्यात गायिकेच्या ताफ्यात त्याने 1920 च्या दशकात पियानो वाजवला. पुढे तो भक्तिगीतांकडे वळला, तरी वाट सुटली नाही. 1932 च्या ऑगस्टमध्ये तो गरोदर पत्नीला शिकागोत ठेवून सेंट लुईसला एका धर्मसभेत गाण्यासाठी गेला होता. तेथेच त्याला तार मिळाली. पत्नी बाळंतपणात दगावली होती. पाठोपाठ मूलही गेले. त्या आघातातून त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे भक्तिगीत रचले. 1968 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी ते गायिले.

येथे आपण चटकन म्हणतो, ‘दुःखातून केवढे गीत जन्मले!’ मला हे वाक्य निर्दय वाटते. आपले दुःख देवचरणी वाहणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. दुसऱ्याचे दुःख आपण परस्पर वाहून टाकू शकत नाही, आणि गीत सुंदर झाले म्हणून त्याचा हिशोब पूर्ण झाला, असेही म्हणू शकत नाही.

विठाबाई नारायणगावकरांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातील ही थोर कलावती. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या. कळा सुरू होताच आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या, असे सांगितले जाते. या कथेतील त्यांच्या निष्ठेचेच आपण गोडवे गातो. परंतु कथेचा शेवट आपण विसरतो. काय घडले ते कळताच प्रेक्षकांनी खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घेण्यास विनवले. पैसे मोजून आलेली ती माणसे आपला हक्क सोडून उठली. मला त्या रात्रीचा पुण्यांश तेथेही दिसतो. आणि तरीही, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या याच विठाबाई 2002 साली निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले.

कोणी म्हणेल, हा तर व्यवहार आहे. वाट त्यांनी स्वतः निवडली. हे खरेही असेल. परंतु व्यवहाराने कलेचे मोल ठरते, माणसाचे नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची वाट आठवावी. अनोळखी वाटसरूच्या बोलण्याने दोघा शिष्यांची अंतःकरणे पेटून उठली, तरी वाटेवर त्यांनी त्याला ओळखले नाही. गाव आले, तो पुढे जाऊ लागला. त्यांनी आग्रहाने त्याला थांबवले, आपल्या पंक्तीला बसवले, आणि भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आग्रह केला नसता तर? एक सुंदर प्रवचन ऐकल्याचे समाधान घेऊन ते झोपी गेले असते, आणि प्रभू दारावरून निघून गेला असता.

आपल्या धर्मग्रामाच्या सणाला बँडवाले येतात, लग्नाला वाद्यवृंद येतो. ते कोठे जेवतात, कोठे पाठ टेकतात, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? पंगत उठल्यावर मागील दारी वाढलेले पान हा पाहुणचार नव्हे. त्यांना आपल्या शेजारी बसवावे, घरी मुलेबाळे कशी आहेत हे विचारावे. एवढे तर कोणत्याही कुटुंबाला परवडते.

गगनबावड्याच्या त्या बाकावर एका माणसापुरती जागा निघाली असती. मी सरकलो असतो, तर पुरे होते.