सही जुळत नाही

आमच्या घरी शिळ्या कढीला ऊत आणायचा प्रसंग येत नाही, कारण कढी उरत नाही. उरतो तो भात. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात मी जो एक महान शोध लावला, त्याची बोळवण सौभाग्यवतींनी 'शिळ्या कढीला ऊत' एवढ्या तीन शब्दांत केली आणि त्या कुकर लावायला निघून गेल्या. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. तो जरा सभ्य. तो म्हणाला, "मामा, हे माझ्या जन्माच्या आधीचं आहे."

शोध लागला स्कूटरमुळे. रविवारी सकाळी बाईसाहेब सुरू होईनात, म्हणून मोबाइलवर जवळपासचं गॅरेज शोधायला बसलो. नकाशाच्या ऐवजी गाण्यांच्या चौकोनावर बोट पडलं असावं. 'गॅरेज' म्हटल्याबरोबर लाल-पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं हजर झाली. पुरुष गिटार वाजवत होता आणि बाई ड्रम बडवीत होत्या. तिसरं कोणी नाही. दोनच माणसांनी मिळून एवढा आवाज केलेला मी आजवर फक्त जॉइंट खात्याच्या बाबतीत ऐकला होता. बंद करायला बोट नेलं, आणि ते तिथंच राहिलं. स्कूटर त्या दिवशी दुरुस्त झाली नाही.

ही मंडळी म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले 'द व्हाइट स्ट्राइप्स', जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट. त्यांच्या मागोमाग न्यूयॉर्कचे 'द स्ट्रोक्स' आले, स्वीडनमधल्या फागेर्स्टा नावाच्या छोट्या गावातले 'द हाइव्ह्ज' आले. महिन्याभरात माझा मोबाइल म्हणजे धर्मशाळा झाली. आणि चौकशी करतो तो काय, यातली बरीचशी धमाल २००१ सालच्या आसपासची! त्या साली सारं जग या पोरांच्या नावानं नाचत होतं आणि अस्मादिक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला भागीदारी संस्थेच्या विसर्जनाची गणितं सोडवत होते. कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. तरी मी 'शोध लावला' हेच म्हणणार. कोलंबसालाही किनाऱ्यावर कोणीतरी म्हणालंच असेल, "काका, आम्ही इथंच राहतो."

गंमत पुढेच आहे. मला पंचवीस वर्षं उशिरा सापडलेली ही पोरं स्वतःच पस्तीस वर्षं उशिरा आली होती. १९६४ साली बीटल्स अमेरिकेत उतरले आणि तिकडच्या गल्लीगल्लीतल्या पोरांनी गिटारी घेतल्या. घरात वाजवायला आईची बंदी, म्हणून बापाची मोटार बाहेर काढायची आणि गॅरेजमध्ये ठाणाण करायचं. (आमच्याकडे ही कला रुजली नाही. मोटारच नव्हती, तर बाहेर काय काढणार?) टॅकोमा गावच्या 'द सॉनिक्स'नी १९६५ साली काढलेली तबकडी ऐका. गाणारा गातोय की त्याच्या पायावर कोणी फ्रीज ठेवलाय, हे नक्की सांगता येत नाही. बहुतेकांनी एखाददुसरी तबकडी काढली, पुढे नोकरीला लागले, लग्नं केली. १९७२ साली लेनी के नावाच्या गृहस्थानं अशी विसरलेली सत्तावीस गाणी गोळा करून 'नगेट्स' हा जोड-अल्बम केला, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी कुठली ना कुठली पोरं ही कढी गॅसवर ठेवतच आली. डेट्रॉइटमध्येच १९८६ साली 'द गोरीज' निघाले. त्यांनी आधी बँड काढला आणि मग वाजवायला शिकले. कर्ज आधी उचलायचं, धंदा मागाहून शोधायचा, त्यातलाच प्रकार. पण ते बुडाले नाहीत.

तर हे सगळं पुनरुज्जीवन. म्हणजे स्वच्छ मराठीत नक्कल. समीक्षकांनी तेव्हाही आक्षेप घेतलाच होता, की यात यांचं स्वतःचं काय? आणि इथं मात्र मी हातातला चहा बाजूला ठेवला. कारण अस्सल काय आणि नक्कल काय, एवढ्या एकाच प्रश्नावर मी गेली वीसेक वर्षं पगार घेतोय.

बँकेत खातं उघडताना नमुना सही घेतात. पुढे प्रत्येक चेकवरची सही त्या नमुन्याशी ताडून पाहायची. पूर्वी कार्ड काढून बघत, आता पडद्यावर दिसते. नवीन मनुष्याला वाटतं, हुबेहूब जुळली की खरी. माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात उलटं शिकवलं. जिवंत माणूस दोनदा सारखी सही करूच शकत नाही. घाईत असेल, बायकोशी भांडून आला असेल, पेन खरखरत असेल, सही हलणारच. नमुन्यावर ठेवून गिरवल्यासारखी, केसाचाही फरक नसलेली सही आली, की मान वर करून माणसाकडे बघायचं. खोटं काम करणारा फार काळजीपूर्वक करतो.

हा नियम मी या पोरांना लावून पाहिला. नकलाकारांचं एक संस्कृत ब्रीद आहे, मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ कागदावर माशी चिकटून मेलेली असली, तर नकलेतही त्याच जागी माशी मारून चिकटवायची. आम्हा कारकुनांची यावर अढळ निष्ठा. पण गॅरेजवाल्यांनीही माश्या चिकटवल्यात! १९६३ साली पोर्टलंडच्या 'द किंग्समेन'नी 'लुई लुई' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं मुळात रिचर्ड बेरीचं. यांचा गायक गिटारचा तुकडा संपल्यावर एका ओळीसाठी लवकर घुसला, चूक कळली तसा गप्प बसला, ड्रमवाल्यानं कसंबसं सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा मुद्रण करायला पैसे कुणाकडे? तशीच तबकडी निघाली आणि तुफान खपली. पुढे ज्यांनी ज्यांनी ते गाणं उचललं, त्यांतल्या काहींनी ती चूकसुद्धा इमानानं म्हटली. उच्चार इतके दिव्य, की गाणं अश्लील असल्याची तक्रार १९६४ साली थेट सरकारकडे गेली, एफबीआयनं चौकशी मांडली, तबकडी निरनिराळ्या वेगांनी फिरवून ऐकली आणि अखेर शेरा काय, तर शब्द कळत नाहीत. आमच्या ऑडिटचे निष्कर्ष साधारण याच जातीचे असतात.

आता ज्यानं चूक पाठ करून म्हटली, तो नकलाकार. ती माझ्यापुरती परत पाठवायची सही. व्हाइट स्ट्राइप्स ऐकताना तसं होत नाही. पाया तोच, जुन्या नीग्रो ब्लूजचा आणि सॉनिक्सच्या आरडाओरड्याचा, पण बेस गिटार काढूनच टाकलेली. टेबलाचा एक पाय कापला आणि मग ते उभं कसं राहतं ते बघत बसले. 'एलिफंट' हा त्यांचा २००३ सालचा अल्बम लंडनच्या एका स्टुडिओत जुनाट यंत्रांवर, संगणकाला हात न लावता केलेला आहे, आणि तरी तो १९६५ सालचा वाटत नाही. घरच्या अनुभवावरून सांगतो, ताज्या भाताला फोडणी दिली तर गोळा होतो. फोडणीच्या भाताला भात शिळाच लागतो, दाणा सुटा झालेला. आदल्या दिवशीचा भात असला म्हणून त्याला कोणी आदल्या दिवशीचं जेवण म्हणत नाही. हे मी सौभाग्यवतींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून रोज तोच करते."

आणि आपल्याकडे तर याची लाज कधी नव्हतीच. गुरूचं गळ्यात उतरवायला दहा-दहा वर्षं द्यायची, याला आपण तालीम म्हणतो. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवत, त्या कौतुकाचेच जलसे होत. पुढे त्यांनी जे गायलं, त्याची नमुना सही कुठल्याच शाखेत नव्हती.

बरं, या मंडळींचा खरेपणा म्हणावा, तर तोही आमच्या केवायसीत बसणारा नाही. जॅक आणि मेग लोकांना सांगत, आम्ही भाऊ-बहीण. पुढे कागदपत्रं बाहेर आली. १९९६ साली लग्न, २००० साली घटस्फोट! बायकोचं आडनाव नवऱ्यानं लावलेलं. संसाराचं विसर्जन झालं, भागीदारी मात्र २०११पर्यंत चालली. असलं उदाहरण आमच्या पुस्तकात नव्हतं. हा जॅक त्याआधी खुर्च्या-कोचांना कापड लावायचं दुकान चालवायचा आणि कोचाच्या पोटात कविता लिहून ठेवायचा. तारण म्हणून अशी खुर्ची आली, तर व्हॅल्युएशनमध्ये काय लिहायचं? हाइव्ह्जची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या गाण्यांवर गीतकार म्हणून रँडी फिट्झसिमन्स असं नाव असतं. हा इसम आजपर्यंत कुणाला दिसलेला नाही. २०२३ साली त्यांनी त्याच्या मृत्यूच्या नावानंच अल्बम काढला. हयातीचा दाखला कधी नव्हता, आता मयताचा! स्ट्रोक्सच्या गायकाचे वडील तर मॉडेलांच्या मोठ्या संस्थेचे संस्थापक, आणि चिरंजीव काही काळ स्वित्झर्लंडच्या महागड्या शाळेत. जाकीट फाटकं आणि गॅरेज वडिलांचं.

कागदोपत्री सगळे संशयित. आणि तरी आवाज सुरू झाला की कुठं खोट वाटत नाही. माणूस खोटं बोलतो आणि गाणं खरं निघतं, हे कसं? मुंबईत षण्मुखानंद सभागृहात १९७०च्या सुमाराला सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडच्या स्पर्धा होत. १९७० आणि १९७१ साली त्यांच्या तबकड्याही निघाल्या, त्या आज परदेशातले शौकीन शोधत असतात. कितीतरी पोरं विलायती गाणी वाजवत होती. त्यांतल्या एका बँडचं नाव होतं 'जेन्युइन स्पेअर्स'. अस्सल सुटे भाग! एवढ्या प्रामाणिकपणे कोणी नक्कल केली असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं मी भाच्याला तासभर ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही मान वर करून माणसाकडे बघता, हे भारी आहे." मी गप्प बसलो. कारण एकदा मी बघितलं नव्हतं.

दहा-बारा वर्षं झाली. एक निवृत्त चित्रकला-शिक्षक आमच्या काउंटरला येत. सही अशी, की मोराच्या पिसाऱ्याला लाज वाटावी. मध्ये काही महिने दिसले नाहीत. मग एक दिवस आले ते उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवत. पैसे काढायची स्लिप दिली. सही थरथरलेली, पिसं गळलेली. रांग मोठी, जेवणाची सुट्टी पाच मिनिटांवर. मी पडद्याकडे पाहिलं, स्लिपकडे पाहिलं, आणि म्हणालो, "सर, सही जुळत नाही."

ते म्हणाले, "साहेब, सही माझीच आहे. हात बदललाय."

नमुना सही बदलायचा अर्ज असतो. एका पानाचा. डाव्या बाजूच्या खणात होता. मी म्हणालो, "पूर्वीसारखी करून आणा."

ते कोपऱ्यातल्या बाकावर बसले. पासबुकात घडी करून ठेवलेला, जुन्या सहीचा कसला तरी कागद त्यांनी काढला. मी डबा खाऊन आलो तरी ते लिहीतच होते. मग नवी स्लिप घेऊन उभे राहिले. सही हुबेहूब. नमुन्यावर ठेवून गिरवल्यासारखी, केसाचाही फरक नाही. मी पास केली. पैसे मोजताना ते हसून म्हणाले, "आयुष्यभर पोरांना सांगितलं, दुसऱ्याचं बघून काढू नका." मीही हसलो. खरं हसू होतं का, ते आता आठवत नाही.

परत केलेली पहिली स्लिप बाकावरच राहिली होती. फाडून टाकायला हवी होती. ती माझ्या डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. मागच्या बाजूला सरांनी सराव केलेला, अकरा सह्या. पहिली सगळ्यांत वाकडी, अकरावी मोरपिसासारखी.

सॉनिक्सची ती पोरं २००७ साली न्यूयॉर्कला पुन्हा एकत्र आली. मधल्या काळात त्यांच्यातला एकजण विमानं चालवत होता. २०१५ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नवा अल्बम केला. तो मुद्रित करायला माणूस आणला डेट्रॉइटचा, जिम डायमंड. व्हाइट स्ट्राइप्सच्या पहिल्या अल्बमच्या वेळी होता तोच. म्हणजे नातवाचा शिंपी आजोबांनी बोलावला. मी १९६५ची किंकाळी आणि २०१५ची किंकाळी पाठोपाठ लावून ऐकली. जुळत नाही. नवीत खरखर आहे, दम मध्येच तुटतो आणि म्हातारा तो पुन्हा गोळा करतो. रात्री सगळे झोपल्यावर तीनदा ऐकली.

परवा रविवारी पिशवी धुवायला काढली, तेव्हा ती स्लिप भाच्याच्या हातात पडली. उलटसुलट करून म्हणाला, "मामा, एकाच माणसाच्या अकरा सह्या? यातली खरी कुठली?"

स्कूटर पुन्हा बंद पडली होती. मी म्हटलं, "चल, आधी गॅरेजपर्यंत ढकलायला लाग."