काचेमागचे मूल

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात एव्हबरी नावाचे खेडे आहे. त्याच्या वायव्येस विंडमिल हिल ही बुटकी टेकडी. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तेथील आद्य शेतकऱ्यांनी या टेकडीवर वर्तुळाकार चर खणले. १९२५ ते १९२९ या काळात अलेक्झांडर केलर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा एका चरात सुमारे तीन वर्षांच्या मुलाचा सांगाडा मिळाला. पुढे तो गावातील संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवण्यात आला आणि त्याला ‘चार्ली’ हे नाव पडले. मला ते रुचत नाही. ज्याचे खरे नाव हरवले, त्याला खेळण्याचे नाव कशाला?

२००६ साली ड्रुइड पंथीयांनी हे मूल पुन्हा दफन करावे अशी मागणी केली. इंग्लिश हेरिटेज व नॅशनल ट्रस्ट या संस्थांनी लोकमत अजमावून २०१० साली नकार दिला. मागणी करणाऱ्यांचे त्या मुलाशी नाते इतरांहून अधिक जवळचे ठरत नाही, आणि हाडांपासून पुढेही ज्ञान मिळू शकेल, ही त्यांची मुख्य कारणे.

पहिले कारण मला मान्य आहे. मात्र ड्रुइडांचा हक्क सिद्ध झाला नाही, म्हणून संग्रहालयाचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही. दुसरे कारण अधिक अवघड आहे. हाडे खरोखरच बोलतात. त्या काळच्या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही. त्यांचा आहार, त्यांचे आजार यांची साक्ष हाडांवाचून कोण देणार? परंतु ‘पुढे कधीतरी उपयोग होईल’ या युक्तिवादाला शेवट नाही. तो मानला तर उत्खननात सापडलेल्या कोणत्याच मृताला पुन्हा माती मिळणार नाही, आणि मृतांना मूठमाती देणे हे तर आपण दयाकृत्य मानतो. टोबीत जिवावर उदार होऊन आपल्या जातभाईंना पुरत असे. ज्याचे जातभाईच उरले नाहीत, त्याचे काय?

इतके लिहून मी थांबलो, कारण हाच प्रश्न आपल्या दाराशीही आहे. जुन्या गोव्यात २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या शवप्रदर्शनाला आपल्यातील कितीतरी कुटुंबे गेली. १६१४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचा उजवा हात कोपरापासून कापून रोमला धाडण्यात आला. त्यांची संमती कोणी विचारली होती? भक्त तेथे संताचे नाव घेतात, मध्यस्थी मागतात, हा फरक खरा आहे. रांगेत पुढच्याला लोटून डोकावणाऱ्या नजरेत तो कितपत उरतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

तरीही एव्हबरीच्या बाबतीत माझे मन दफनाकडेच झुकते. मोजमापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, हवे तर एखादा दात अभ्यासासाठी ठेवावा. विधी ड्रुइडांचा नको, आपलाही नको. टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.